टीएलडीची गोळी नीट कशी घ्यायची

एआरटी सेंटरमधून बाटली मिळाली ना? ती टेबलावर ठेवा, शेजारी पाण्याचा ग्लास ठेवा आणि माझ्याबरोबर एकेक पायरी करत चला. या एका गोळीत टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम, लॅमिवुडीन ३०० मिलिग्रॅम आणि डोल्युटेग्राविर ५० मिलिग्रॅम अशी तीन औषधं आहेत. तिन्ही मिळून एचआयव्हीला दाबून ठेवतात, आणि पहिली दोन हिपॅटायटिस बीलाही आवरतात. ही कृती मोठ्या माणसांसाठी आहे. लहान मुलांचा डोस वजनावर ठरतो, तो डॉक्टरांनाच ठरवू द्या.

१. बाटलीवरची नावं आणि मिलिग्रॅम चिठ्ठीशी ताडून पाहा. घरात दोघांची औषधं चालू असतील तर आपल्या झाकणावर पेनानं खूण करा, नाहीतर बाटल्यांची अदलाबदल होते.

२. रक्ताचे रिपोर्ट काढा आणि त्यात तीन गोष्टी शोधा: क्रिएटिनिन, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी. यातलं काही राहिलं असेल तर सेंटरवर विचारा. टेनोफोविरचा ताण मूत्रपिंडावर येऊ शकतो, म्हणून क्रिएटिनिन पुढेही वेळोवेळी तपासावं लागतं. हिपॅटायटिस सीवर ही गोळी चालत नाही. त्याचं औषध वेगळं असतं आणि ते सरकारी कार्यक्रमात मोफत मिळतं.

३. घरातली बाकीची सगळी औषधं एका पिशवीत भरून डॉक्टरांपुढे ठेवा. सगळी म्हणजे सगळी, काढे आणि भस्मंसुद्धा! टीबीचं रिफाम्पिसिन चालू असेल तर डोल्युटेग्राविरचा आणखी एक डोस बारा तासांनी घ्यावा लागतो. साखरेच्या मेटफॉर्मिनचा डोस कमी करावा लागू शकतो. फिट्सच्या काही गोळ्या या औषधाचा जोर कमी करतात. आणि अंग दुखतंय म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणून रोज खाऊ नका, मूत्रपिंडाला ते सोसत नाही.

४. रोजची एक वेळ ठरवा. जेवणाआधी की नंतर, याचं बंधन नाही. तुम्ही हमखास घरी असता अशी वेळ निवडा.

५. मोबाइलवर रोजचा अलार्म लावा. अलार्मला औषधाचं नाव देऊ नका, ‘पाणी पी’ असं काहीही चालेल; कोण बघेल याची धास्ती राहत नाही.

६. एक गोळी पाण्याबरोबर गिळा.

७. लगेच झाकण घट्ट लावा. आतली ओल शोषणारी पुडी काढून फेकू नका. बाटली फ्रिजमध्ये नको, चुलीजवळही नको; कोरड्या, गार कप्प्यात आणि मुलांचा हात पोचणार नाही अशी ठेवा.

८. कॅलेंडरवर आजच्या तारखेला टिंब द्या. ‘घेतली की नाही?’ अशा शंकेपोटी दुसरी गोळी घेतली जाते, ती या टिंबामुळे टळते.

९. कॅल्शियम, लोह आणि पित्तावरची औषधं वेगळ्या वेळेला घ्या. इथे भलेभले चुकतात. पित्तावरच्या पातळ औषधातले ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम डोल्युटेग्राविरला पोटातच धरून ठेवतात आणि ते रक्तात नीट उतरत नाही. म्हणून आधी टीएलडी, मग किमान दोन तासांनी ते औषध. ते आधी घेऊन झालं असेल तर टीएलडीसाठी सहा तास थांबा. कॅल्शियम आणि लोहाला एक सवलत आहे: भरल्या ताटावर बसून टीएलडीबरोबर घेतलेलं चालतं, रिकाम्या पोटी मात्र हेच अंतर पाळा.

१०. गोळी विसरलात तर आठवेल तेव्हा लगेच घ्या. पुढच्या डोसला चार तासांहून कमी उरले असतील तर ती सोडून द्या. दोन गोळ्या एकदम कधीच नाहीत!

११. पहिले काही आठवडे झोपेकडे लक्ष ठेवा. रात्री डोळा लागत नसेल तर गोळी सकाळी घ्यायची का, हे समुपदेशकाला विचारा.

१२. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, सारख्या उलट्या होऊ लागल्या किंवा तापाबरोबर अंगावर पुरळ आलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तारखेची वाट पाहू नका.

१३. बाटली संपायच्या आठवडाभर आधी सेंटरवर जा. उरलेल्या गोळ्या बाटलीसकट न्या, तिथे त्या मोजतात. एखादी जास्त उरली असेल तर लपवू नका, कुणी रागावत नाही.

१४. गाव सोडण्याआधी सेंटरवर सांगा. दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्यांनी तर नक्कीच! जास्त दिवसांच्या गोळ्या मागा आणि सेंटरवरून मिळालेलं, उपचाराच्या नोंदींचं हिरवं पुस्तक सामानात ठेवा. ते दाखवलं की वाटेतल्या एआरटी सेंटरवरही सोय होऊ शकते.

१५. वायरल लोड तपासणीची तारीख आत्ताच लिहून ठेवा. पहिली सहा महिन्यांनी असते. रिपोर्टमध्ये विषाणू सापडला नाही, म्हणजे गोळी काम करतेय. आता बंद केली तरी चालेल, असा त्याचा अर्थ नाही.

१६. गोळी स्वतःच्या मनानं कधीही थांबवू नका. हिपॅटायटिस बी असलेल्यांनी हे दोनदा वाचा. टेनोफोविर आणि लॅमिवुडीन अचानक बंद झाली की दबून बसलेला विषाणू उसळतो, यकृताला जोरदार सूज येते आणि प्रसंगी जिवावर बेततं. डॉक्टरांनी एचआयव्हीची गोळी बदलली तरी लगेच विचारा, ‘नव्या गोळीत हिपॅटायटिस बीचं औषध आहे ना?’

कुठल्याही पायरीवर अडलात तर १०९७ हा नंबर फिरवा. फोन मोफत आहे.