वृद्ध आई-वडिलांची निकड ओळखताना

आपल्या देशातील बहुसंख्य वृद्ध आजही मुलांच्या अथवा अन्य आप्तांच्या सहवासात राहतात. त्यांना साहाय्याची गरज भासू लागली, तर ती घरच्या माणसांच्या सर्वप्रथम ध्यानी येईल, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात पुष्कळदा उलटच घडते. सासूबाईंनी निवडलेल्या तांदळात खडे राहू लागले की सून मुकाट्याने सूप आपल्याकडे ओढून घेते. आजोबांच्या हाताला कंप सुटला की नातू बँकेचा अर्ज भरून देतो. हे सारे इतक्या सहजपणे होते की, काय बदलले याची नोंद कोणाच्याच मनात राहत नाही. कुटुंब वृद्धाला सावरून धरते आणि त्याच वेळी त्याची ओसरती शक्ती दृष्टीआड करते.

यास्तव ‘त्यांना काय जमत नाही?’ या प्रश्नाने आरंभ करू नये. पूर्वी ते स्वतः करीत असलेले कोणते काम अलीकडे दुसरेच कोणी करू लागले आहे, हे पाहावे.

अमेरिकेतील वैद्य सिडनी कॅट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली दैनंदिन जीवनातील मूलभूत क्रियांची एक सूची प्रसिद्ध केली. स्नान करणे, कपडे घालणे, शौचास जाणे, अंथरुणातून उठून बसणे, मलमूत्रावर ताबा ठेवणे आणि जेवणे, अशा या सहा क्रिया होत. त्यांपैकी स्नानाची क्षमता बहुधा आधी जाते आणि घास तोंडात घालण्याची सर्वांत शेवटी. पुढे १९६९ मध्ये लॉटन व ब्रोडी यांनी खरेदी, स्वयंपाक, प्रवास, औषधे घेणे, पैशांचा व्यवहार अशा अधिक गुंतागुंतीच्या कामांची सूची तयार केली. ही कामे सामान्यतः त्या सहांच्याही आधी डळमळू लागतात. या सूचीत पुरुषांच्या बाबतीत स्वयंपाक, घरकाम व धुणे यांचा विचार मूळात केलाच जात नसे. आपल्या वाचकांना याचे नवल वाटू नये! ज्याने उभ्या आयुष्यात चहाचे आधण ठेवले नाही, त्याला ते आज येत नाही यावरून काहीच सिद्ध होत नाही.

परक्या मोजपट्टीची ही अडचण हरियाणातील बल्लभगढ परिसरात ठळकपणे पुढे आली. १९९० नंतरच्या दशकात भारतीय व अमेरिकी संशोधक तेथील ग्रामीण वृद्धांमधील स्मृतिभ्रंशाचा अभ्यास करीत होते. प्रचलित चाचणीत आजची तारीख विचारली जाई, कागदावरील आज्ञा वाचून डोळे मिटावे लागत, एक वाक्य लिहावे लागे. यांतील बहुतेक वृद्ध निरक्षर होते. तेव्हा प्रश्नच बदलण्यात आले. वाचण्याऐवजी ‘माझ्याकडे पाहा आणि मी करतो तसे करा’ असे सांगून परीक्षक डोळे मिटी. त्याच प्रकल्पात घरच्या माणसांना विचारावयाची एक प्रश्नावलीही तयार झाली. वृद्ध व्यक्ती गावात वाट चुकते का? आपण जेवलो हे विसरते का? होळी-दिवाळी लक्षात ठेवते का? घरातील विवाहासारख्या प्रसंगी आपले मत देते का? शेवटचा प्रश्न मला विशेष मार्मिक वाटतो. जी आई मुलीच्या सोयरिकीत दहा शंका काढीत असे, ती नातीच्या वेळी ‘तुम्ही ठरवाल ते’ एवढेच म्हणू लागली, तर आपण तिला समंजस म्हणतो. कदाचित तिला बोलण्याचा धागाच पकडता येत नसेल. कदाचित तिला नीट ऐकूही येत नसेल.

कारण शोधल्याविना निष्कर्ष काढू नये, तो याचसाठी. वडील चार-चार दिवस स्नान टाळतात याचे मूळ बुद्धीत असेल, तसेच न्हाणीघरातील निसरड्या फरशीतही असेल. दुसरी गोष्ट खरी असल्यास भिंतीला एक दांडी आणि आत एक भक्कम स्टूल एवढ्याने काम भागते. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी गेलेल्या निवृत्तिवेतनधारकाची सही जुळत नाही. तेथे हाताचा कंप, मोतीबिंदू आणि मेंदूचा विकार यांपैकी काय आहे, हे वैद्यानेच ठरवावे. चोळी सैल होणे, बांगड्या कोपरापर्यंत सरकणे, भांडी वारंवार करपणे, एकाच औषधाच्या तीन अर्धवट पट्ट्या सापडणे, अंधारात बाहेर पडणे बंद होणे, या खुणा लहान असल्या तरी नोंदण्याजोग्या आहेत. पडण्याची घटना वृद्ध स्वतःहून क्वचितच सांगतात.

बदल किती वेगाने झाला, हे सर्वांत महत्त्वाचे. एक-दोन दिवसांत माणूस असंबद्ध बोलू लागला, रात्री जागून दिवसा झोपू लागला, तर ते वार्धक्य नव्हे. मूत्रमार्गाचा अथवा फुप्फुसाचा संसर्ग, रक्तातील सोडियमची घट, नव्याने सुरू केलेली झोपेची गोळी, यांपैकी काही त्यामागे असू शकते आणि त्याच दिवशी उपचार हवा. तोंड वाकडे होणे किंवा एक हात लुळा पडणे यांत तर तासाचाही विलंब करू नये. महिनोन्‌महिने हळूहळू आलेल्या विस्मरणामागेही बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड ग्रंथीचे मांद्य किंवा खिन्नता असू शकते आणि या तिन्हींवर उपाय आहेत. ‘साठी बुद्धी नाठी’ या म्हणीपायी किती उपचार राहून गेले असतील, कोण जाणे.

परगावी राहणाऱ्या मुलांची स्थिती निराळी आहे. दूरध्वनीवरील पाच मिनिटांचे संभाषण जुन्या सवयीच्या बळावर सहज निभावून नेता येते. मुले येणार म्हणून घर आवरलेले असते, आईने कोणाकडून तरी लाडूही करवून घेतलेले असतात. म्हणून शक्य तर चार दिवस राहावे. आईबरोबर बाजारात जावे, कामवाल्या बाईंशी आणि वाण्याशी बोलावे. जवळपास कोणीच नसल्यास १४५६७ या राष्ट्रीय साहाय्य-क्रमांकावर विनामूल्य विचारणा करता येते. २००७ च्या अधिनियमाने अन्न, वस्त्र, निवारा व औषधोपचार यांचा समावेश निर्वाहात केला आहे, परंतु गरज ओळखण्याचे काम घरच्यांवरच राहते.

बोलणे मात्र जपून करावे. ‘बाबा, आता तुम्हांला हिशेब जमत नाही’ या वाक्याने दार बंद होते. ‘बाबा, या महिन्याचा हिशेब आपण दोघे मिळून करू’ असे म्हटल्यास वही पुढे येते. वैद्याकडे जाताना घरातील सर्व औषधे, वैद्यांच्या पुड्या आणि शेजाऱ्याने दिलेल्या गोळ्यांसकट, एका पिशवीत घालून न्यावीत. केव्हा काय बदलले ते कागदावर लिहून ठेवावे. आणि प्रश्नांची उत्तरे प्रथम आई-वडिलांनाच देऊ द्यावीत.