बाळाचे वजन आईच्या शाळेत ठरते



या पानावर आपण नेहमी आजार आणि त्यावरच्या उपायांबद्दल बोलतो. आज गोळी-इंजेक्शनाच्या आधीच्या गोष्टींबद्दल बोलू. शाळा, वसतिगृह, अंगणवाडी, शिष्यवृत्ती. या गोष्टी आरोग्याच्या पानावर कशाला, असे कोणी विचारील. नर्सिंगची पदविका घेऊन आम्ही बरीच वर्षे बाळंतपणाच्या टेबलाशी उभे राहिलो. काट्यावर ठेवलेल्या बाळाचे वजन पाहिले, की आईची शाळा कितवीला सुटली असेल याचा अंदाज यायचा. तो दर वेळी खरा ठरला नाही. पण इतक्या वेळा खरा ठरला, की शेवटी आम्ही दवाखाना सोडून वस्तीत कामाला लागलो.

दोघी बहिणी, दोन बाळे

फर्दापूर हे अजिंठा लेण्यांच्या पायथ्याचे गाव. लेणी पाहायला जगभरातून माणसे येतात आणि इथूनच पुढे जातात. याच गावाच्या वस्तीत आमच्या ओळखीच्या दोघी चुलत बहिणी आहेत. एकाच अंगणात वाढल्या. दोघींचे आईबाप कापूस वेचायला जाणारे.

थोरलीची शाळा आठवीत सुटली. वेचणीच्या दिवसांत धाकट्या भावाला सांभाळायला घरी कोणी नव्हते. दोन महिने शाळा बुडाली, अभ्यास मागे पडला, मग वर्गात जायची लाज वाटू लागली. सोळाव्या वर्षी लग्न झाले, सतराव्या वर्षी बाळंतपण. हिमोग्लोबिन ७. बाळ १ किलो ९०० ग्रॅमचे.

धाकटी दहावी झाली. तिला शासकीय वसतिगृहात जागा मिळाली, ती बारावी झाली. लग्न एकविसाव्या वर्षी. गरोदरपणात ती स्वतः कार्ड घेऊन तपासणीला जायची, गोळ्या संपल्या की आशाताईंना मागायची. बाळ २ किलो ९०० ग्रॅमचे.

दोन बाळांत बरोबर एक किलोचा फरक. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला जंतुसंसर्ग लवकर होतो, त्याची वाढ मागे राहण्याचा धोका जास्त असतो. घर एक, जात एक, गरिबी एक. मधे फरक पडला तो वसतिगृहातल्या एका खाटेचा.

ही कारणांची साखळी आहे

तथागतांनी शिकवलेला पटिच्चसमुप्पाद आपण विहारात ऐकतो. हे असले की ते होते. हे नाहीसे झाले की तेही नाहीसे होते. आरोग्याला हाच नियम लावून पाहा. शाळा सुटली की लग्न लवकर होते. लग्न लवकर झाले की शरीराची वाढ पुरी होण्याआधीच गर्भ राहतो. आईच्या अंगात रक्त कमी असले की बाळ लहान जन्मते. ते बाळ सारखे आजारी पडते, शाळेत मागे राहते. पुढे त्याचीही शाळा सुटते आणि साखळी पुन्हा पहिल्या कडीला येते.

आपल्याकडे याला नशीब म्हणतात. नशीब म्हटले की हात जोडून बसायचे. कारण सापडले की ते तोडता येते. शाळा, वसतिगृह आणि जेवण यांबद्दलची सरकारी धोरणे म्हणजे ही कडी तोडायची हत्यारे आहेत. ती वापरली नाहीत तर गंजतात.

दोन बहिणींवरून नियम काढू नये, हे खरे. म्हणून मोठे हिशेब पाहू. २०१० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात १७५ देशांचा अभ्यास आला. १९७० ते २००९ या काळात जगात पाच वर्षांखालील मुलांचे मृत्यू जेवढे घटले, त्यातली निम्म्याहून अधिक घट स्त्रियांचे शिक्षण वाढल्यामुळे झाली, असा त्याचा निष्कर्ष होता. लसी आणि औषधे महत्त्वाची आहेतच. पण बाळाला लसीला न्यायचे, जुलाबात मीठ-साखरेचे पाणी पाजायचे, तिसऱ्या दिवशीही ताप उतरला नाही तर कोणाचे न ऐकता दवाखाना गाठायचा, हे ठरवणारी आई शिकलेली असली की औषधाला वेळेवर वाट मिळते.

दुसरा अभ्यास आपल्या देशातला, २०२१ मधला. शाळेत शिजवलेले जेवण मिळालेल्या मुली मोठ्या होऊन आई झाल्या, तेव्हा त्यांच्या मुलांची उंची वयाच्या मानाने अधिक चांगली भरली. २००६ ते २०१६ या दहा वर्षांत देशातल्या मुलांची उंची जितकी सुधारली, त्यातला १३ ते ३२ टक्के वाटा या जेवणाशी जोडता येतो, असा तो हिशेब आहे. म्हणजे मुलीच्या ताटात पडलेली खिचडी वीस वर्षांनी तिच्या बाळाच्या अंगाला लागते. हे जेवणही आपोआप आले नाही. १९९५ ची योजना कागदावर होती, पण बऱ्याच राज्यांत मुलांना शिजवलेल्या जेवणाऐवजी महिन्याचा कोरडा तांदूळ मिळे. अन्नाच्या हक्कासाठी लोक न्यायालयात गेले आणि २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळेत शिजवूनच द्या असा आदेश दिला.

बाबासाहेबांनी हे कधीच ओळखले होते

१९२५ साली बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह काढले. पोटाला अन्न आणि डोक्यावर छप्पर नसेल तर शाळेचे दार उघडे असूनही पोर आत जात नाही, हे बाबासाहेबांना स्वतःच्या आयुष्यातून माहीत होते. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात कारखान्यातल्या स्त्रियांच्या प्रसूतिलाभाच्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विसावा मिळणे हे साऱ्या राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्या खर्चाचा भार सरकारनेही उचलावा, असे त्यांचे म्हणणे होते. पुढच्या वर्षी मुंबई प्रांतात तो कायदा झाला. देशातला असा तो पहिला. १९४४ मध्ये, ते मजूरमंत्री असताना, अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती सुरू झाली. आणि १९५० मध्ये त्यांनी आपल्या मराठवाड्यात, औरंगाबादेत महाविद्यालय काढले. तेच आजचे मिलिंद.

आज कापूस वेचणाऱ्या बाईला पगारी रजा नाही. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्रत्येक गरोदर स्त्रीला किमान ६,००० रुपये देण्याचे मान्य केले. फक्त सरकारी नोकरीतल्या आणि असाच लाभ दुसरीकडून मिळणाऱ्या स्त्रिया वगळल्या. प्रत्यक्षात मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला ५,००० मिळतात आणि दुसरी मुलगी झाली तर ६,०००. दुसरा मुलगा झालेल्या आईला त्यात काही नाही. तिला विसावा नको का? हा प्रश्न ग्रामसभेत, मोर्चात आणि मते मागायला येणाऱ्यांसमोर आपण विचारला पाहिजे.

आपल्याच मराठवाड्याचा धडा

धोरण नीट राबवले तर काय होते, याचे उदाहरण जवळच आहे. २००५ मध्ये औरंगाबादेत राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झाले. गर्भ राहिल्यापासून बाळ दोन वर्षांचे होईपर्यंतचे हजार दिवस महत्त्वाचे, हे त्याने धरले. अंगणवाडी आणि आरोग्य खात्यातल्या रिकाम्या जागा भरायच्या, प्रत्येक बाळाचे वजन खरे घ्यायचे, कुपोषित बाळांचा आकडा वाढला तरी लपवायचा नाही, अशी त्याची साधी शिस्त होती. २००५-०६ मध्ये महाराष्ट्रात दोन वर्षांखालच्या १०० बाळांपैकी ३९ बाळांची उंची खुरटलेली होती. २०१२ मध्ये हे प्रमाण सुमारे २४ वर आले. याचे श्रेय एकट्या मिशनचे नाही. मुलींचे वाढलेले शिक्षण आणि लग्नाचे वाढलेले वय यांचाही त्यात हात होता.

पण हा जोर टिकला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालच्या खुरटलेल्या मुलांचे राज्यातले प्रमाण २०१५-१६ मध्ये ३४ टक्के होते, २०१९-२१ मध्ये ३५ टक्के. गाडी तिथेच उभी राहिली. १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांतला रक्तक्षय तर याच काळात ४८ वरून ५४ टक्क्यांवर गेला. वीस ते चोवीस वयाच्या १०० स्त्रियांपैकी जवळपास २२ जणींचे लग्न अठराच्या आत झालेले होते. हे आकडे साऱ्या महाराष्ट्राचे आहेत. आपल्या वस्तीचा आकडा आपणच काढायचा आहे.

कोणत्या वयात कोणते दार ठोठवायचे

हा भाग कापून विहाराच्या भिंतीवर लावावा.

१. गरोदरपण: पहिल्या १२ आठवड्यांत नाव नोंदवा आणि माता-बाल संरक्षण कार्ड घ्या. मातृवंदनेचा अर्ज आशा किंवा अंगणवाडी ताईंकडे करा. ग्रामीण भागातल्या अनुसूचित जातीच्या आईला दवाखान्यात बाळंतपण झाल्यावर जननी सुरक्षा योजनेचे ७०० रुपये वेगळे मिळतात. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका. लिंबू पिळलेल्या जेवणानंतर घ्या. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय आहे, ७ च्या खाली असेल तर तातडीने दवाखाना.

२. जन्म ते सहा वर्षे: दर महिन्याला अंगणवाडीत वजन करा आणि कार्डावरची रेघ स्वतः पाहा. रेघ वर चढली पाहिजे. दोन महिने आडवी राहिली किंवा खाली आली, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. बाळ तीव्र कुपोषित असेल तर पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करा. उपचार मोफत आहे.

३. शाळा: पहिली ते पाचवीच्या मुलाच्या ताटात ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने, सहावी ते आठवीच्या ताटात ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने हा नियम आहे. पातळ वरण-भात या नियमात बसत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. आपल्या बायांनी त्या जागा घ्याव्यात, महिन्यातून एकदा जेवण चाखून यावे. सहावीपासून मुलींना आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी चुकवू नये. शाळा सुटलेल्या मुलीलाही ती अंगणवाडीत मिळते.

४. आठवी ते बारावी: ही सगळ्यात नाजूक कडी. शिष्यवृत्ती, शासकीय वसतिगृह, अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलामुलींच्या निवासी शाळा यांची चौकशी निकालाची वाट न पाहता करा. अकरावीपासून वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर बाबासाहेबांच्या नावाने असलेल्या स्वाधार योजनेत राहण्या-जेवणाचे पैसे खात्यात येतात. अर्ज अडतात ते कागदांवर. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार जोडलेले बँक खाते उन्हाळ्यातच तयार ठेवा. जातीच्या दाखल्याला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा घराण्यातला पुरावा लागतो. आजोबा-पणजोबांचा शाळेचा उतारा आताच शोधा. दाखला आठ दिवस उशिरा आला म्हणून जागा गेलेली मुलगी आम्ही पाहिली आहे. त्याच वर्षी तिचे लग्न लागले.

५. लग्न: मुलगी अठराच्या आत असेल तर १०९८ वर फोन करा, नाव गुप्त राहते. गावात ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहेत. आणि आपल्या विहारात मंगल परिणय लावताना आधी वयाचा दाखला पाहा. बुद्धमूर्तीसमोर बालविवाह लागत असेल, तर आपण बावीस प्रतिज्ञा कशाला घेतल्या?

पुढच्या पौर्णिमेचे काम

एका आजारी भिक्खूची गोष्ट सर्वांना माहीत आहे. तो स्वतःच्या मलमूत्रात पडला होता, कोणी लक्ष देत नव्हते. तथागतांनी आणि आनंदांनी त्याला धुतले, उचलून खाटेवर ठेवले. मग तथागतांनी संघाला बोलावून विचारले, की इथे तुमचे आईबाप नाहीत. तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करणार? वस्ती हाही एक संघ आहे. थोरलीची शाळा सुटली तेव्हा तिच्या भावाला दोन महिने सांभाळायला शेजारच्या चार घरांनी पाळी लावली असती, तरी पुरे होते. तेव्हा कोणाला सुचले नाही, आम्हालाही नाही.

म्हणून एक वही घ्या. वस्तीतल्या आठवी ते बारावीच्या प्रत्येक मुलीचे नाव त्यात लिहा आणि पुढे तीन प्रश्न: शाळेत जाते का? कोणता कागद अडला आहे? वेचणीच्या दिवसांत घरचे लहान मूल कोण सांभाळणार? पौर्णिमेला वंदना झाली की ती वही उघडायची. ज्या नावापुढे अडचण असेल, तिथे जाणाऱ्या दोघांची नावे त्याच वेळी लिहायची.

थोरलीची मुलगी आता अंगणवाडीत येते. वजन अजून कमी आहे, पण कार्डावरची रेघ गेले चार महिने वर चढते आहे. आमच्या वहीत तिचे नाव आम्ही आत्ताच लिहून ठेवले आहे.

जयभीम. नमो बुद्धाय.