शॉवरच्या काचेवरचा क्षार: शंभर-दोनशे रुपयांचं काम हजारांवर कसं जातं

गोंदियातल्या बऱ्याच घरांत दोन पाणी येतात. एक नळाचं, दुसरं बोअरचं. प्यायला-शिजवायला नळ आणि आंघोळ-धुण्याला बोअर, अशी वाटणी असते. बाथरूममध्ये बादली आणि फिक्या रंगाच्या टाइल होत्या तोवर या वाटणीचं काही बिघडत नव्हतं. आता नव्या बंगल्यांत, फ्लॅटमध्ये, लॉजच्या खोल्यांत शॉवरला काचेचं दार आलं आणि बोअरच्या पाण्यातला क्षार सगळ्यांच्या नजरेला पडू लागला. मग कोणी अ‍ॅसिड आणतं, कोणी तारेची घासणी फिरवतं, कोणी सॉफ्टनरवाल्याला बोलावतं. खर्च होतो, काच मात्र तशीच.

हा खर्च डाग किती हट्टी आहे यापेक्षा तो किती जुना आहे यावर ठरतो. म्हणून स्वस्त उपायापासून सुरुवात करा आणि त्यानं भागलं नाही तरच पुढची पायरी चढा. खालचे दर बाजारातले साधारण दर आहेत. दुकान आणि ब्रँडप्रमाणे त्यात थोडं कमी-जास्त होईल.

आधी पाणी ओळखा

जमिनीखाली खडकात मुरलेलं पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळवून सोबत आणतं. काचेवरचं पाणी वाळलं की पाणी उडून जातं आणि चुनखडी मागे राहते. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस १०५०० सांगतं, की एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा. म्हणजे प्यायला चालणारं पाणीसुद्धा काच खराब करू शकतं.

ढोबळ हिशेब करून पाहा. बोअरच्या पाण्यात लिटरला ४०० मिलिग्रॅम कठीणपणा आहे आणि प्रत्येक आंघोळीनंतर काचेवर ५० मिलिलिटर पाणी राहतं, असं धरा. एका आंघोळीमागे २० मिलिग्रॅम क्षार झाला. चौघांच्या घरात दिवसाला ८०, वर्षाला जवळजवळ ३० ग्रॅम. न पुसलेल्या काचेवर वर्षभरात दोन चमचे चुनखडी चढते ती अशी.

घरी तपासायला पैसे लागत नाहीत. दोन सारख्या पारदर्शक बाटल्या घ्या. एकीत बोअरचं पाणी, दुसरीत नळाचं किंवा पावसाचं. दोन्हींत साबणाच्या वडीचा नखाएवढा तुकडा टाका आणि सारखंच हलवा. ज्या बाटलीत फेस धरत नाही आणि पाणी दुधाळ होतं, ते कठीण पाणी. शाम्पू किंवा भांड्यांचं लिक्विड वापरू नका, ते कठीण पाण्यातही फेसतं. आकडाच हवा असेल तर थेंब मोजून कठीणपणा सांगणारी किट २०० ते ५०० रुपयांत मिळते. जलजीवन मिशनखाली सरकारी पाणी तपासणी प्रयोगशाळा नागरिकांसाठी खुल्या आहेत आणि तिथली फी नाममात्र असते. पेनासारख्या टीडीएस मीटरवर मात्र निर्णय घेऊ नका. तो पाण्यातले सगळे क्षार एकत्र मोजतो, त्यातला कठीणपणा किती हे सांगत नाही.

डाग वरचा आहे की काचच गेली?

कोरड्या काचेवरून नख फिरवा. खरखरीत लागलं तर क्षार वर बसलेला आहे आणि तो निघतो. बोट घसरतं पण चिकट लागतं, तर ती साबणाची साय. कठीण पाण्यात साबण विरघळत नाही, त्याची पांढरी साय होते आणि काचेला धरून बसते. आंबट (अ‍ॅसिड) लावूनही काच गुळगुळीत आणि तरीही धुरकट राहिली, तर वर्षानुवर्षं साचलेल्या क्षारानं काचेचा पृष्ठभागच खाल्लेला आहे. तिथे कुठलंही लिक्विड चालणार नाही, मग ते ५० रुपयांचं असो की ५०० चं.

डागाचा रंगही बघा. पांढरा म्हणजे चुनखडी. पिवळसर-तांबूस म्हणजे बोअरच्या पाण्यातलं लोह. त्याला ऑक्झॅलिक अ‍ॅसिडवालं क्लीनर लवकर लागू पडतं, पण ते विषारी असतं. हातमोजे घाला आणि बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा.

पहिली पायरी: लिंबाचं फूल

किराणा दुकानात लिंबाचं फूल, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड, किलोला साधारण १५० ते २५० रुपयांना मिळतं. एका दाराला १०० ग्रॅम पुरतं. एक ग्रॅम चुनखडी विरघळवायला सव्वा ग्रॅमच्या आसपास लिंबाचं फूल लागतं, त्यामुळे वरच्या हिशेबातला वर्षाचा क्षार ४० ग्रॅममध्ये निघायला हवा. उरलेलं वाया जाणारं धरा. व्हिनेगरनंही काम होतं, पण ते सौम्य असतं आणि ४० ते ६० रुपयांची बाटली एकाच दारात संपते.

कृती अशी:

१. भांड्यांच्या लिक्विडनं काच धुऊन घ्या. साबणाची साय निघाल्याशिवाय आंबट खालच्या क्षारापर्यंत पोचत नाही.

२. एक लिटर कोमट पाण्यात १०० ग्रॅम लिंबाचं फूल विरघळवा. हातमोजे घाला, खिडकी उघडा.

३. उभ्या काचेवरून पाणी ओघळून जातं. म्हणून जुनी सुती ओढणी किंवा टिश्यू पेपर त्या पाण्यात भिजवून काचेला चिकटवा. पंधरा-वीस मिनिटं काच ओली राहायला हवी, सगळं काम तिथेच आहे.

४. कापड काढून नायलॉनच्या घासणीनं हलक्या हातानं घासा. जाड थर असेल तर पुन्हा एकदा लावा. जोर देऊ नका, वेळ द्या.

५. साध्या पाण्यानं धुवा. शेवटचे दोन मग नळाचे घ्या आणि लगेच वायपर फिरवा. शेवटचं पाणी बोअरचं असेल, तर नवा डाग त्याच दिवसापासून सुरू होतो.

फरशीकडे लक्ष असू द्या. कोटा, शहाबादी, कडप्पा आणि संगमरवर हे चुन्याचेच दगड आहेत. काचेवरचा क्षार खाणारं आंबट त्यांनाही खातं. आधी फरशी भरपूर ओली करा आणि काचेखाली जुना टॉवेल अंथरा. अ‍ॅल्युमिनियमची चौकट टेपनं झाका. क्रोमच्या नळावर हे पाणी पाच-दहा मिनिटांहून जास्त ठेवू नका. काचेवर कंपनीनं पाणी न धरणारं कोटिंग दिलेलं असेल, तर आधी एका कोपऱ्यावर करून बघा.

एकूण खर्च: लिंबाचं फूल २५ रुपये, घासणी २० ते ४०, हातमोजे ५० ते १००. वायपर १०० ते ३०० चा, पण तो वर्षभर चालतो.

या वस्तू काचेपासून लांब ठेवा

सुट्टं हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड स्वस्त वाटतं. त्यानं क्षार निघतो हे खरं, पण वाफेनं क्रोम आणि स्टीलच्या बिजागऱ्या काळवंडतात आणि बंद बाथरूममध्ये तीच वाफ छातीत जाते. अशा अ‍ॅसिडच्या विक्रीवर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशानं निर्बंध आहेत. दुकानदारानं खरेदीदाराचं ओळखपत्र पाहून नोंदवहीत नोंद करायची असते. नोंद न करता बाटली देणाऱ्याकडून ती घेऊ नका. टॉयलेट क्लीनरमध्येही बहुधा हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडच असतं. कुठलंही आंबट आणि ब्लीच एकत्र करू नका, त्यातून क्लोरीन वायू सुटतो. लिंबाचं फूल आणि खाण्याचा सोडा एकत्र फेसतात तेव्हा मजा वाटते, पण दोघंही एकमेकांना मारतात आणि क्षार जागेवरच राहतो. तारेची घासणी आणि भांड्यांची पावडर काचेवर कायमच्या रेघा पाडतात.

दुसरी पायरी: माणूस बोलावणं

बाथरूम सफाईला येणारा माणूस लहान शहरात साधारण ४०० ते ८०० रुपये घेतो. तोही बहुतेक वेळा हेच आंबट वापरतो, फक्त हात त्याचे असतात. त्याला आधी विचारा, ‘काय लावणार?’ बाटलीवर नाव नसेल तर ती काचेला लावू देऊ नका. एक वीतभर चौकोन करून दाखवायला सांगा. तेवढा निघाला तर पुढचं ठरवा.

काच खाल्ली गेली असेल तर सेरियम ऑक्साइडचं पॉलिश हा उपाय उरतो. ही बारीक पावडर पाण्यात कालवून फेल्टच्या चाकानं फिरवतात. ती काचेचा वरचा थर घासून सपाट करते, म्हणून काम वेळखाऊ आणि मजुरीचं असतं. दर चौरस फुटावर ठरवा. साडेसहा बाय अडीच फुटांचं दार सुमारे सोळा चौरस फुटांचं होतं. नागपूरहून माणूस येणार असेल तर जाण्या-येण्याचा खर्च वेगळा लागतो का, हे फोनवरच विचारा. पॉलिशचा हिशेब नव्या काचेच्या अर्ध्यावर गेला, तर पॉलिशचा नाद सोडा.

तिसरी पायरी: काच बदलणं

आठ मिलिमीटरची टफन काच चौरस फुटाला साधारण १२० ते २०० रुपयांनी मिळते. भोकं पाडणं, कडा घासणं, वाहतूक आणि बसवणावळ धरून एका दाराचं काम ४ ते ८ हजारांत होतं. बिजागऱ्या, मूठ आणि बाजूच्या स्थिर काचेसकट सगळं नवं घ्यायचं तर १५ ते ३० हजार. टफन झालेली काच नंतर कापता येत नाही, माप घेऊनच ती भट्टीत जाते. म्हणून माप कोणी घेतलं आणि चुकलं तर भरपाई कोण देणार, हे बिलावर लिहून घ्या. कोपऱ्यात आयएस २५५३ चा शिक्का आहे का, तेही बघा.

सॉफ्टनर घ्यावा का?

गोंदिया हा राईस मिलचा जिल्हा. उसना तांदूळ काढणाऱ्या मिलमध्ये बॉयलर लागतो आणि बॉयलरच्या नळ्यांत क्षार बसू नये म्हणून पाणी मऊ करावं लागतं. घरगुती सॉफ्टनर त्याच तत्त्वावर चालतो. टाकीतलं रेझिन पाण्यातलं कॅल्शियम धरतं आणि सोडियम सोडतं. रेझिन भरलं की ते मिठाच्या पाण्यानं धुवायचं. दुकानात जाण्याआधी असा एखादा बॉयलर सांभाळणाऱ्या माणसाशी बोला, देखभालीचं खरं चित्र तो सांगेल.

चौघांच्या घरात रोज ५०० लिटर बोअरचं पाणी लागत असेल, तर वरच्याच आकड्यानं दिवसाला २०० ग्रॅम कठीणपणा काढावा लागतो. पंचवीस लिटर रेझिन साधारण सहा दिवसांत भरतं. दर वेळी चार किलो मीठ धरलं तर महिन्याला वीस किलो, म्हणजे २०० ते ४०० रुपये. मशीनचे १५ ते ४० हजार वेगळे. रेझिन धुतल्यावर निघणारं खारं पाणी झाडांना घालू नका. फक्त काचेसाठी हा खर्च करण्यात अर्थ नाही. गिझरचा एलिमेंट वारंवार जातो, वॉशिंग मशीन आणि सोलरच्या नळ्या तुंबतात, अशी तक्रार असेल तर हिशेब बसतो.

दारावर येणाऱ्या विक्रेत्यांपासून सावध राहा. दोन कांड्यांचं यंत्र पाण्यात बुडवलं की तुमचं पाणी तपकिरी होतं आणि त्यांचं आरओचं पाणी स्वच्छ राहतं. तो तपकिरी रंग झिजणाऱ्या लोखंडी कांडीचा असतो. आरओच्या पाण्यात क्षार कमी, त्यामुळे वीज नीट वाहत नाही आणि कांडी झिजत नाही. यात पाण्याची शुद्धता कुठेच मोजलेली नसते.

पैसे देताना

पक्कं बिल घ्या आणि कामाआधीचा, कामानंतरचा फोटो ठेवा. आंबटानं फरशी किंवा फिटिंग खराब झालं तर आधी लेखी कळवा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. त्यानंही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे तक्रार शुल्क लागत नाही, पण तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते.

थोडक्यात

डाग सहा महिन्यांच्या आतला: लिंबाचं फूल, खर्च शंभर-दोनशे.
एक-दोन वर्षांचा: तेच, दोन-तीनदा. जमत नसेल तर माणूस, ४०० ते ८००.
काच धुरकट झालेली: पॉलिशचा दर आणि नव्या काचेचा दर समोरासमोर ठेवून ठरवा.
नवीन काच: पहिल्या दिवसापासून वायपर. शेवटची आंघोळ करणाऱ्यानं तो फिरवायचा हे घरात ठरवून टाका. अर्ध्या मिनिटाचं हे काम टळलं, की वरच्या यादीतली एकेक ओळ घरात येत जाते.