व्हॉट्सअ‍ॅपवरील बहिणाबाई

आमच्या वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप गट झाला आणि माझी एक मोठी अडचण दूर झाली. घरात कॉलेज पाहिलेला मीच पहिला. रात्री अडलेला शब्द विचारायचा कोणाला? आता धुळ्याचा मित्र अहिराणीतला अर्थ कळवतो, जळगावचा लेवागणबोलीतला.

बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) निरक्षर होत्या. त्यांची गाणी चिरंजीव सोपानदेव व त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी टिपून ठेवली. १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह संग्रह निघाला. म्हणजे जे कानांसाठी होते ते आपण डोळ्यांनी शिकलो! यूट्यूबवर तीच गाणी खानदेशी उच्चारात ऐकली. माझ्या आईने शाळा पाहिलेली नाही. पण भाकरी थापता थापता ऐकून तिने दोन शब्दांचे अर्थ सांगितले. ते माझ्या गाईडात नव्हते.

मात्र गटावर बहिणाबाईंच्या नावाने येईल ते त्यांचेच, असे नव्हे. मध्यंतरी एक कविता आली, तीही शुद्ध पुस्तकी मराठीत. ग्रंथालयातला संग्रह पहिल्या पानापासून चाळला. त्यात ती नाही. गटावर तसे लिहिले, तोवर कवितेखाली वीस-पंचवीस अंगठे उमटले होते. मला उत्तर एकाच मैत्रिणीचे आले : ‘आवृत्ती कोणती पाहिलीस?’