बँडची वेबसाइट : देखणी की कामाची?

प्रश्न : आमच्या बँडची वेबसाइट देखणी झाली आहे, पण कार्यक्रमांसाठी विचारणा येत नाही. तिची पारख कशी करावी? – एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : साइटवर आलेल्याचं काम किती चटकन होतं, यावर वेबसाइटची पारख करा. आयोजकाला मोबाइलवर गाण्याचा नमुना, पुढच्या कार्यक्रमाची तारीख आणि फोन नंबर हवा असतो. बँडशी संबंध नसलेल्या चार-पाच जणांना ‘नंबर शोधा’ एवढंच सांगा आणि गप्प राहून पाहा. बोट जिथे अडखळेल, तिथे दोष आहे. मुख्य मजकूर २.५ सेकंदांत दिसावा, अक्षरं आणि पार्श्वभूमी यांचा कॉन्ट्रास्ट किमान ४.५ : १ असावा, हे रूढ निकष आहेत. तारखा नुसत्या पोस्टरच्या चित्रात ठेवल्या, तर अंध रसिकाच्या स्क्रीन रीडरला त्या वाचता येत नाहीत. त्या युनिकोड मराठीत लिहा. तुमच्या शहराचं नाव २०२३मध्ये अधिकृतपणे बदललं, तरी ‘औरंगाबाद’ लिहूनही लोक शोधतात. म्हणून दोन्ही नावं द्या.

कलावंताची साइट रुक्ष कशी चालेल, हा आक्षेप रास्तच आहे. रंग, छायाचित्रं यांतून बँडचा बाज जरूर दिसावा. पण साइट उघडताच आपोआप वाजणारं गाणं किंवा लांबलचक अ‍ॅनिमेशन आयोजकाला ताटकळत ठेवतं. इन्स्टाग्राम असताना वेबसाइट कशाला, असंही विचारलं जातं. तिथे जुनी माहिती नव्या पोस्टखाली दबते. वेबसाइटवर ती कायम हाताशी राहते. म्हणून आधी नंबर पहिल्या पडद्यावर आणा, सजावट मागाहून करा.