बेताच्या घरातले दान

प्रश्न : घरात पैसा बेताचाच आहे. नऊ वर्षांच्या मुलीला ख्रिस्ती दृष्टीने औदार्य कसे शिकवावे? (एक पालक, बीड जिल्हा)

उत्तर : ख्रिस्ती परंपरेत दानाचे मोल रकमेवर ठरत नाही; मार्ककृत शुभवर्तमानाच्या 12व्या अध्यायात दोन टोल्या, म्हणजे त्या काळची अगदी क्षुल्लक तांब्याची नाणी, टाकणाऱ्या विधवेला येशूने धनवानांहून वरचढ ठरवले, कारण तिने उरलेले नव्हे, तर गरजेतले दिले. त्यामुळे दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग अर्पण करण्याची प्रथा, समजावण्याआधी मुलीच्या हाती स्वतःचे असे काही असले पाहिजे. उपासनेत ऐनवेळी तिच्या मुठीत कोंबलेले नाणे पालकांचेच दान ठरते.

मिझोराममधील ख्रिस्ती कुटुंबे विसाव्या शतकाच्या आरंभापासून स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ चर्चसाठी बाजूला काढत आली आहेत, आणि हीच रीत बीडच्या घरात ज्वारीने सहज पाळता येते. दळणाआधी मुलीने आपल्या हाताने मूठ डब्यात टाकावी, आणि दिवाळीच्या सुमारास आईवडील कोयता घेऊन ऊसतोडीला गेल्यावर आजीपाशी मागे राहिलेल्या शेजारच्या मुलाच्या घरी ती ज्वारी गाजावाजा न करता पोचवावी, कारण डोंगरावरील प्रवचनात येशूने दान गुप्त ठेवण्यास सांगितले आहे. त्या मुलासोबत फोटो काढणे तर कटाक्षाने टाळावे; त्याचाही मान राखायचा असतो. एखाद्या दिवशी तिने मूठ टाकली नाही, तर रागावू नये, कारण पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात सक्तीच्या देण्याला नकारच दिला आहे.