मे महिन्यात इपॉक्सी कपातच घट्ट का होते?

प्रश्न : मी बाल्सा लाकडाची हातभर लांबीची मॉडेल होडी बनवतो आहे. सध्याच्या उकाड्यात इपॉक्सी लावायला घ्यावी, तर ती कपातच तापून दगडासारखी होते. हार्डनर निम्मे घालून पाहू का?
— एक वाचक, मालवण

उत्तर : हार्डनर अजिबात कमी करू नका. ही युक्ती पॉलिएस्टर रेझिनची. तिथे हार्डनर फक्त क्रिया सुरू करून देते, म्हणून थोडे कमीजास्त चालते. इपॉक्सीत रेझिन आणि हार्डनर एकमेकांशी जोडले जातात. माप चुकले तर होडी कायमची चिकट राहील.

तुमचा माल खराब नाही, काळजी नसावी. ही क्रिया स्वतःच उष्णता निर्माण करते आणि खोल कपात ती कोंडते. तापमान साधारण १० अंशांनी वाढले, की हाताशी असलेला वेळ निम्मा होतो. म्हणून थोडेथोडेच कालवा आणि लगेच पसरट ताटलीत ओता. एवढ्यानेच मोठा फरक पडेल. मिळाले तर त्याच कंपनीचे स्लो हार्डनर घ्या. काम संध्याकाळी करा. सकाळी लाकूड तापत जाते, आतली हवा प्रसरण पावते आणि लेपात बुडबुडे उठतात. संध्याकाळी निवणारे लाकूड उलट रेझिन आत ओढून घेते.

दमट हवेत सुकलेल्या थरावर मेणचट साय येऊ शकते. पुढच्या थराआधी ती साध्या पाण्याने धुऊन काढा, मगच पॉलिश पेपर मारा.

हातमोजे घालाच. कपातून धूर येऊ लागला, तर तो उघड्यावर ठेवा. कचऱ्याच्या डब्यात कधीही टाकू नका.